काढावे की ठेवावे?

हाड मोडते तेव्हा विचार करावयास सवड नसते. रुग्ण वेदनेने व्याकूळ झालेला, घरची माणसे गोंधळलेली, आणि डॉक्टर पुढे करतील त्या कागदावर सही करण्याखेरीज दुसरा मार्ग दिसत नाही. शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, पट्टा सुटतो, माणूस हळूहळू कामास लागतो. खरा अवघड प्रश्न त्यानंतर वर्षा-दीड वर्षाने दारात येऊन उभा राहतो. पाठीत घातलेले रॉड आणि स्क्रू आता काढावेत की तसेच ठेवावेत? या वेळी घाई नसते, वेदना नसते अथवा सोसवेल एवढीच असते, आणि नेमकी म्हणूनच निर्णयाची जबाबदारी आपल्यावर येऊन पडते.

आम्हां उभयतांच्या वाट्यास हा प्रश्न दोन वर्षांच्या आत दोनदा आला. एकदा साताऱ्यात आमच्या धाकट्या बंधूंच्या निमित्ताने आणि एकदा सांगलीस आमच्या भाचीच्या निमित्ताने. एकीचे काढले, एकाचे ठेवले. दोन्ही निर्णय योग्य होते असे आम्ही आजही मानतो. ते परस्परविरोधी असूनही योग्य कसे, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

बंधू साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत फिटर आहेत. मे २०२२ मध्ये पावसाळ्यापूर्वीची कौले फेरताना ते छपरावरून सरळ पायांवर पडले. अशा पडण्यात सारा भार टाचांतून वर चढतो आणि कमरेच्या वरच्या अंगास असलेल्या मणक्यावर आदळतो. बरगड्यांनी जखडलेली छातीची पाठ जेथे संपते आणि वाकणारी-वळणारी कंबर जेथे सुरू होते, त्या सांध्यावरचे मणके म्हणूनच सर्वांत जास्त मोडतात. बंधूंचा कमरेचा पहिला मणका चिरडला होता आणि हाडाचा एक तुकडा मागे, मज्जारज्जूच्या पोकळीकडे सरकला होता. दोन दिवस त्यांच्या उजव्या पायात जोर नव्हता. शस्त्रक्रियेत सहा स्क्रू आणि दोन सळ्या बसविल्या, शिवाय कमरेच्या हाडाचे तुकडे काढून मोडलेल्या भागावर रचले, जेणेकरून तेथील मणके कायमचे एकजीव व्हावेत. पायातील जोर परत आला. त्याबद्दल आम्ही देवाचे आणि त्या डॉक्टरांचे ऋणी आहोत.

भाचीचे वय एकोणीस. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती दुचाकीवरून पडली. तिचाही मणका मोडला, पण मज्जारज्जूस धक्का पोहोचला नाही. तिला चार स्क्रू आणि दोन सळ्या बसविल्या. मात्र तिच्या पाठीत हाडाचे तुकडे रचलेले नव्हते. मणका जुळेपर्यंत धातूने आधार द्यावा, एवढाच तेथे हेतू होता. हा फरक त्या वेळी आमच्या ध्यानी येण्याचे कारण नव्हते. पुढे सारा निर्णय याच एका फरकावर येऊन ठेपला.

पाठीत धातू घालण्याची ही विद्या फार प्राचीन नाही. मोडलेला मणका तारेने बांधण्याचा आरंभीचा एक प्रयत्न अमेरिकेतील टेक्सास राज्यात बर्टहोल्ड हाड्रा यांनी १८९१ साली केला. क्ष-किरणांचा शोध त्यानंतर चार वर्षांनी, १८९५ साली लागला. म्हणजे आतले हाड डोळ्यांना न दिसताच ते धाडस झाले होते. त्याच सुमारास, १८९४ साली, आपल्या मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिशनचे रुग्णालय उभारले आणि १८९७ मध्ये तेथे वैद्यकीय शिक्षणही सुरू केले. कृष्णाकाठची माणसे मोठ्या दुखण्यास 'मिरजेस न्या' असे म्हणू लागली ती तेव्हापासून. पोलिओने पाठ वाकलेल्या मुलांसाठी ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी केलेल्या सळ्यांची माहिती १९६२ साली प्रसिद्ध झाली. त्या सळ्या आकड्यांनी अडकविल्या जात. आज वापरले जाणारे स्क्रू मणक्याच्या मागील कमान आणि पुढचा ठोकळा यांना जोडणाऱ्या हाडाच्या अरुंद पुलातून घातले जातात. ही रीत फ्रान्समधील रुआ-कामिय यांनी १९६३ पासून वापरली आणि १९७० साली जगापुढे मांडली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या स्क्रूंवरील कडक वर्गीकरण सैल केले ते तर १९९८ मध्ये. आपल्या आजोबांच्या पिढीपुढे 'काढावे की ठेवावे' हा प्रश्न नव्हताच. मणका मोडलेला माणूस महिनोन् महिने फळीवर पडून राही, आणि उठलाच तर वाकून चाले.

बंधूंचे दुखणे २०२३ च्या पावसाळ्यापर्यंत जवळजवळ थांबले होते. ते कामावर जात होते आणि जड उचलण्याचे काम सोबत्यांवर सोपवीत होते. अशातच त्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या पाठीतील स्क्रू मोडल्याची वार्ता आली, आणि त्यांची झोप उडाली. भय अडाणी माणसाचे असते तर समजूत घालणे सोपे झाले असते. हे तर फिटरचे भय होते. एके संध्याकाळी त्यांनी तारेचा एक तुकडा आमच्यापुढे धरला, दहा-वीस वेळा इकडेतिकडे वाकविला आणि तो तुटल्यावर टेबलावर ठेवून म्हणाले, "दादा, वहिनी, शाफ्ट एका दिवसात मोडत नाही. रोज थोडा थोडा थकतो. मी रोज किती वेळा वाकतो, ते मोजा."

घरात मग मतमतांतरांस ऊत आला. कोणी म्हणाले, लोखंड आत गंजते. कोणी म्हणाले, थंडीत ते गार पडून हाड दुखवते. आमच्या वृद्ध आत्याबाईंनी तर निराळीच शंका काढली, "माती झाल्यावर ते लोखंड तसंच राहणार का रे?" त्यावर बंधू कित्येक दिवसांनी हसले. आत्याबाईंना आम्ही सांगितले, की ख्रिस्तसभेच्या दृष्टीने त्यात काहीही वावगे नाही. पुनरुत्थानाच्या आड चार स्क्रू येत नाहीत.

गंजाविषयी मात्र नीट समजून घेतले. आजचे बहुतेक स्क्रू टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असतात. या धातूवर हवेत आणि शरीरातही एक अतिपातळ संरक्षक थर आपोआप चढतो, त्यामुळे लोखंडासारखा गंज त्यास चढत नाही. जुन्या स्टीलच्या साधनांत निकेल असते आणि थोड्या लोकांस त्याची ॲलर्जी असू शकते. टायटॅनियम असल्यास एमआरआय बहुधा करता येतो. धातूच्या आसपासचे चित्र तेवढे अस्पष्ट येते.

साताऱ्यातील एका अनुभवी शल्यविशारदांनी बंधूंना सांगितले, "काम झाले आहे, काढून टाकू." मिरजेतील दुसऱ्या तितक्याच अनुभवी शल्यविशारदांचे मत पडले, "त्रास नसेल तर हात लावू नका." दोघांपैकी खरे कोण, या विचाराने आम्ही काही दिवस हैराण झालो. पुढे कळले, की हा मतभेद सातारा-मिरजेचा नव्हे. जर्मन भाषा बोलणाऱ्या देशांत हाड जुळल्यावर धातू काढण्याची परंपरा जुनी आहे, तर इंग्लंड-अमेरिकेत त्रास नसेल तर तो राहू देण्याकडे कल आहे. संशोधनही एकमुखी नाही. ज्यांना धातूमुळे त्रास होतो त्यांपैकी पुष्कळांना काढल्यावर बरे वाटते, हे दिसून आलेले आहे. ज्यांना काहीच त्रास नाही त्यांना काढून निश्चित लाभ होतो, असे सिद्ध झालेले नाही.

काढण्याच्या बाजूची कारणे खरी आहेत. जंतुसंसर्ग झाला असेल आणि हाड जुळले असेल, तर धातू बहुधा काढावा लागतो, कारण जंतू त्याच्या पृष्ठभागास चिकटून राहतात. स्क्रू सैल झाला, मोडून टोचू लागला, कृश माणसाच्या कातडीखाली त्याचे डोके खुपू लागले, तर काढण्यात अर्थ आहे. वाढत्या वयाच्या मुलांत वाढीचा विचार करावा लागतो. शिवाय जेथे मणके एकजीव केलेले नाहीत तेथे धातू निरोगी सांध्यांसही जखडून ठेवतो. तो काढल्यास थोडी लवचीकता परत मिळू शकते. यूलिउस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ साली मांडलेला नियमही येथे लागू पडतो: हाडावर जसा भार पडतो तसे ते घडते. भार धातूने वाहिला तर हाड थोडे आळशी बनते.

न काढण्याच्या बाजूची कारणेही तेवढीच खरी. पुन्हा पूर्ण भूल, पुन्हा तोच छेद, पुन्हा रक्तस्राव आणि संसर्गाचा धोका. स्क्रूवर हाड चढलेले असले तर तो निघता निघत नाही. मध्येच मोडलेला स्क्रू खोल रुतला असेल तर त्याचा तुकडा पुष्कळदा तेथेच सोडावा लागतो. आधार निघाल्यावर सरळ केलेली पाठ काही अंशांनी पुन्हा पुढे झुकू शकते. आणि मणके एकजीव झालेले असतील, तर धातू काढूनही तेथील वाकणे परत येत नाही. ते कायमचे गेलेले असते.

भाचीच्या बाबतीत कारणे स्वतःच बोलत होती. ती अंगाने बारीक. वर्गातील लाकडी बाकास पाठ टेकली की स्क्रूची डोकी टोचत. तासभर बसल्यावर ती उभी राहून व्याख्यान ऐके. तिच्या आईस दुसऱ्या शस्त्रक्रियेचे नाव काढलेले सोसत नसे. पहिल्या वेळी शस्त्रक्रियेच्या दाराबाहेर काढलेले पाच तास ती विसरली नव्हती. ती आम्हांस म्हणाली, "दुखतं ते सोसता येईल, पण तिला पुन्हा टेबलावर नाही पाहवणार." भाची शेजारच्या खोलीतून बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "मामा, मामी, आईला सांगा ना, पाठ माझी आहे." त्या एका वाक्याने घरात शांतता पसरली. सी.टी. स्कॅनमध्ये मणका पूर्ण जुळल्याचे दिसले, सांधे एकजीव केलेले नव्हते, वय लहान होते आणि त्रास नेमका धातूच्या जागी होता. जानेवारी २०२४ मध्ये, अपघातानंतर चौदा महिन्यांनी, सांगलीतच धातू काढला. तिसऱ्या दिवशी ती घरी आली. टोचणे थांबले. कमरेत थोडी कळ मात्र अजून कधी कधी येते, आणि ती धातूची नव्हती हे आता कळते. डॉक्टरांनी ही शक्यता आधीच स्पष्ट सांगितली होती, म्हणून कोणाची निराशा झाली नाही.

भाचीचे पाहून बंधूंची उचल अधिकच वाढली. "तिचे निघाले, माझे का नको?" त्यांच्या या प्रश्नास उत्तर द्यावयाचे तर दोन पाठींतील फरक सांगणे आवश्यक होते. बंधूंना धातूच्या जागी दुखत नव्हते. त्यांचे मणके एकजीव केलेले होते, म्हणजे काढून वाकणे परत मिळणार नव्हते. त्यांना मधुमेह आहे, म्हणजे जखम चिघळण्याचा धोका अधिक. काढण्याच्या बाजूस उरत होते ते केवळ भय.

या दिवसांत आम्हांस लोयोलाच्या संत इग्नेशियस यांची आठवण झाली. २० मे १५२१ रोजी पॅम्प्लोनाच्या किल्ल्यात तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. हाड वेडेवाकडे बसले म्हणून ते पुन्हा मोडून बसवावे लागले. ती शस्त्रक्रिया गरजेची होती. परंतु पाय बरा झाल्यावर गुडघ्याखाली हाडाचा एक उंचवटा राहिला. तंग, रुबाबदार बूट घालता यावेत एवढ्यासाठी त्या तरुण सरदाराने तो उंचवटा कापून घेतला, आणि तोही भुलीवाचून! आधीच्या साऱ्या वेदनांहून ही वेदना मोठी असेल असे वैद्यांनी बजावले असताही त्यांनी हट्ट सोडला नाही. पुढे उतारवयात स्वतःची हकीकत सांगताना त्यांनी हा प्रसंग काहीही न लपविता कथन केला. त्याच इग्नेशियसनी नंतर साधकांसाठी नियम घालून दिला, की मन अंधारलेले, अस्वस्थ असताना पूर्वीचा निर्णय बदलू नये. हा नियम आत्मिक जीवनासाठी आहे हे आम्ही जाणतो. तरी अंथरुणास खिळलेल्या माणसाने शोधलेले शहाणपण अंथरुणावरच्या प्रश्नांनाही उपयोगी पडते. बंधूंना आम्ही एवढेच सुचविले, की स्क्रू मोडल्याच्या वार्तेने झोप उडालेल्या दिवसांत सही करू नका. सहा महिने जाऊ द्या, एक स्कॅन करून घ्या, मग बोलू.

स्कॅन घेऊन आम्ही तिघे कोयना एक्स्प्रेसने मिरजेस गेलो. डॉक्टरांनी पडद्यावर जुळलेले हाड दाखविले आणि सांगितले, की शस्त्रक्रियेनंतर हाड आणि धातू यांची शर्यत लागते. हाड आधी जुळले तर ते भार उचलते आणि धातू विश्रांती घेतो. हाड जुळलेच नाही, तर धातूस रोज भार वाहावा लागतो आणि एके दिवशी तो थकून मोडतो. बंधू बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे लोडच नसेल तर शाफ्ट मोडेल कशाने?" डॉक्टर हसले. फिटरचे भय फिटरच्याच भाषेत मिटले. तरी डॉक्टरांनी एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली: पुढे कधी नव्याने दुखू लागले, ताप आला, जखमेच्या जागी सूज अथवा स्राव दिसला, किंवा पायात मुंग्या, अशक्तपणा जाणवला, तर लागलीच यावे. ठेवण्याचा निर्णय म्हणजे विसरून जाण्याचा निर्णय नव्हे.

परतीच्या प्रवासात गाडी सांगली, किर्लोस्करवाडी मागे टाकीत असताना बोलण्यात श्री. मुरलीकांत पेटकर यांचे नाव निघाले. ते याच सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना अनेक गोळ्या लागल्या. कमरेखालचे बळ गेले. त्यांपैकी एक गोळी त्यांच्या पाठीच्या कण्यात तशीच राहिली, असे त्यांच्याविषयीच्या वृत्तान्तांत आलेले आहे. त्या शरीराने त्यांनी पोहण्याचा सराव केला आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील दिव्यांगांच्या ऑलिंपिक स्पर्धेत पन्नास मीटर मुक्त शैलीत सुवर्णपदक मिळविले. भारताचे ते त्या स्पर्धांतील पहिले सुवर्णपदक. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावर हिंदी चित्रपट आला आणि जानेवारी २०२५ मध्ये अर्जुन पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. गोळी आणि स्क्रू यांत फरक आहे. एक शत्रूने मारलेली, दुसरा वैद्याने बसविलेला. परंतु शरीरातील परक्या वस्तूसह माणूस आयुष्य उभे करू शकतो, याचा दाखला आपल्याच जिल्ह्याच्या शेजारी आहे, हे बंधूंना त्या दिवशी फार जवळचे वाटले.

आपल्या धर्मग्रामांतील ज्या कुटुंबांपुढे हा प्रश्न येईल, त्यांच्यासाठी आमच्या अनुभवातून चार गोष्टी लिहून ठेवतो. पहिली, 'काढू का?' असे न विचारता 'काढून काय मिळवावयाचे आहे?' असे डॉक्टरांना विचारावे. उत्तर एका वाक्यात मिळाले नाही, तर थांबावे. दुसरी, मणके एकजीव केले आहेत की नाहीत, आणि हाड पूर्ण जुळले आहे की नाही, हे आधी जाणून घ्यावे. तिसरी, पहिल्या शस्त्रक्रियेचे सारे कागद जपून ठेवावेत, विशेषतः स्क्रूंच्या वेष्टनावरील ते लहान चिकटपट्ट्यांसारखे लेबल. निरनिराळ्या कंपन्यांच्या स्क्रूंची खाच निराळी असू शकते, आणि दहा वर्षांनी काढण्याची वेळ आली तर कोणता पेचकस लागेल, हे त्या लेबलावरूनच कळते. भाचीच्या आईने ते लेबल घरच्या बायबलमध्ये ठेवले होते, म्हणून शोधाशोध वाचली. चौथी, वडीलधाऱ्यांनी सल्ला अवश्य द्यावा, दुसरे मत घेण्यासाठी सोबत जावे, खर्चाचा भार उचलावा, प्रार्थना करावी. परंतु शेवटचा शब्द ज्याची पाठ आहे त्याचा असू द्यावा. आईची माया आणि भावाची काळजी ही मोठी खरी, पण छेद त्यांच्या अंगावर येत नाही.

भाची आता शिक्षण पुरे करून सांगलीतच नोकरीस लागली आहे. बंधूंच्या पाठीत सहा स्क्रू आणि दोन सळ्या आहेत. वर्षातून एकदा ते एक्स-रे काढतात, कागद फायलीत लावतात आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर जातात. कौले फेरण्याचे काम तेवढे यंदापासून गड्याकडे दिले आहे. तो निर्णय मात्र आमच्या वहिनींनी, म्हणजे बंधूंच्या पत्नीने, कोणास न विचारता एकटीने घेतला, आणि त्यावर दुसरे मत घेण्याची गरज कोणासही वाटली नाही.